खाडीपट्ट्यातील मातृवंश

उत्तर कोकणाचा लिखित इतिहास मुख्यतः येथे बाहेरून आलेल्यांचा आणि येथे सत्ता गाजवलेल्यांचा इतिहास आहे, आणि त्यातील जवळजवळ सर्व नावे पुरुषांची आहेत. सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे, ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी ग्रंथातला कल्याण बंदराचा उल्लेख, अरब प्रवाशांची वर्णने, पोर्तुगिजांचे दप्तर आणि १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतल्याच्या नोंदी, या सर्व साधनांतून उल्हास नदीच्या खाडीपट्ट्याचे जे चित्र उभे राहते त्यात राजे, सुभेदार, सार्थवाह आणि तांडेल दिसतात. भिवंडी तालुक्यातल्या भादाणे या गावी मिळालेला शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ चा ताम्रपट याच परंपरेतला असून लोणाड येथील देवस्थानाला दिलेल्या दानाची नोंद करण्यापूर्वी तो राजांची पित्यापासून पुत्राकडे जाणारी दीर्घ वंशावळ सांगतो. त्या काळी भादाण्याच्या शेतात राबणाऱ्या, लोणाडच्या देवळात दिवा लावणाऱ्या स्त्रियांचा पत्ता अशा कोणत्याही लेखातून लागत नाही. त्यांच्या वंशाची नोंद मात्र दुसऱ्या एका ठिकाणी टिकून राहिली आहे. ते ठिकाण म्हणजे आज या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांच्या शरीरातील पेशी.

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात आईच्या नावाने ओळख सांगण्याची रीत अपरिचित नव्हती. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे म्हणवीत. नाशिकच्या लेण्यातील प्रसिद्ध लेख गौतमी बलश्री या राजमातेने दिलेल्या दानाचा आहे आणि कल्याण बंदरातून घाटमाथ्यावर जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटातील लेख राणी नागणिकेशी निगडित आहे. तथापि या नावांवरून सातवाहनांचा वंश आईकडून चालत होता असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण राज्य बापाकडूनच मुलाकडे जात होते आणि आईच्या नावाने फक्त तिच्या माहेरचे गोत्र सुचवले जाई. गौतमीची आई कोण, तिची आजी कोठली, हे लेणी सांगत नाहीत. आईकडून आईच्या आईकडे, तिथून पणजीकडे आणि खापरपणजीकडे अशी मागे जाणारी अखंड रेषा कोणत्याही बखरीत किंवा भाटाच्या वहीत सापडत नाही, आणि आनुवंशशास्त्र ज्या रेषेचा माग काढू शकते ती नेमकी हीच आहे.

मानवी पेशीत आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, दोन ठिकाणी असते. त्याचा फार मोठा भाग पेशीच्या केंद्रकात असून तो आई आणि वडील या दोघांकडून येतो व प्रत्येक पिढीत पिसून मिसळला जातो. फार छोटा भाग केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये असतो. इंग्रजी नावावरून त्यांना मायटोकाँड्रिया असेही म्हणतात. तंतुकणिकांतील डीएनएची लांबी अवघी १६,५६९ अक्षरांची असून त्यावर ३७ जनुके असतात, आणि त्याचा संपूर्ण क्रम १९८१ साली केंब्रिज येथे वाचला गेला. गर्भधारणेच्या वेळी शुक्रपेशीतील थोड्याशा तंतुकणिका नष्ट केल्या जातात, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला हा डीएनए फक्त आईकडून मिळतो आणि पुढच्या पिढीकडे तो फक्त मुलीमार्फत जातो. त्यात सरमिसळ होत नसल्याने तो जसाच्या तसा उतरतो; क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि असा बदल, ज्याला उत्परिवर्तन म्हणतात, संपूर्ण क्रमाचा विचार केला तर सरासरीने साडेतीन हजार वर्षांत एखादाच घडतो. एकदा घडलेला बदल त्या स्त्रीच्या सर्व लेकींच्या, नातींच्या आणि पणत्यांच्या वंशात कायम राहतो. असे समान बदल असणाऱ्या माणसांचा जो गट होतो त्याला वंशगट म्हणतात, आणि एका वंशगटातील सर्व माणसे, त्यांची जात, धर्म वा भाषा कोणतीही असो, केव्हातरी होऊन गेलेल्या एकाच स्त्रीच्या पोटची असतात.

१९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील १४७ व्यक्तींच्या तंतुकणिकांची तुलना करून ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवले की आजच्या सर्व मानवांच्या मातृरेषा मागे जात आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी मिळतात. ती पहिली किंवा एकटी स्त्री नव्हती. तिच्या समकालीन इतर स्त्रियांच्या अखंड मातृरेषा पुढे केव्हातरी खुंटल्या, एवढाच त्याचा अर्थ आहे. आफ्रिकेबाहेरील सर्व मातृरेषा एल३ या आफ्रिकी शाखेपासून फुटलेल्या एम आणि एन या दोन महावंशगटांत मोडतात, आणि आर नावाचा तिसरा मोठा गट एनपासूनच निघाला आहे. यांतील एम हा भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे वय सुमारे साठ हजार वर्षांच्या आसपास मानले जाते, आणि आज भारतातील निम्म्याहून अधिक लोकांची मातृरेषा याच गटातली आहे.

एम कोठे उगम पावला याविषयी विद्वानांत दीर्घ वाद झाला असून पूर्व आफ्रिकेत आढळणाऱ्या त्याच्या एम१ या शाखेमुळे काहींनी त्याचे मूळ आफ्रिकेतच मानले होते. परंतु भारतात या महागटाच्या मुळाशी फुटलेल्या शाखा इतक्या संख्येने आणि इतक्या विविधतेने सापडतात, आणि पूर्व आफ्रिकेत जवळजवळ एकच शाखा सापडते, की एम हा आफ्रिकेबाहेर, आशियाच्या दक्षिण भागात कोठेतरी फुटला आणि एम१ ही मागे परतलेली शाखा आहे, हे मत अधिक सबळ ठरते. पूर्वेकडे याच महागटाच्या वेगळ्या शाखा चीन, जपान आणि सैबेरियात आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत आढळतात. अंदमानातील ओंगी व ग्रेट अंदमानी लोकांत एम३१ आणि एम३२ या शाखा असल्याचे हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील के. थंगराज, लालजी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले. ज्या युरोपात हा गट आज जवळजवळ नाहीच, तेथेही हिमयुगाच्या कडाक्यापूर्वीच्या फ्रान्स आणि बेल्जियममधील सांगाड्यांत तो असल्याचे २०१६ साली निष्पन्न झाले. हिमयुगाच्या कडाक्यात तेथील त्या मातृरेषा नाहीशा झाल्या. भारतात त्या टिकल्या, आणि नुसत्या टिकल्या नाहीत तर एम२, एम३, एम५, एम६, एम३० अशा कितीतरी शाखांनी विस्तारल्या. यांतील एम२ ही भारतातील सर्वांत जुन्या शाखांपैकी एक मानली जाते.

भिवंडी तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या वाडा, शहापूर, कल्याण व वसई या भागांत आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी, ठाकूर, कोकणी मुसलमान आणि मोमीन अशा समाजांची दाट वस्ती आहे. आदिवासी समूहांत एम या महागटाचे प्रमाण सर्वसाधारणपणे इतरांपेक्षा जास्त आढळते, परंतु तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. भारतात जातीची उतरंड कशीही असली तरी मातृरेषांचा मूळ साठा बहुतांशी एकच आहे, हे एस्टोनियातील तार्तू येथील तोमास किविसिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेले मत पुढच्या संशोधनाने मोठ्या प्रमाणावर उचलून धरले. त्याच अभ्यासात असेही दिसले की भारतातील यू या आणखी एका वंशगटाचे युरोपातील यूशी असलेले नाते अलीकडचे नाही. भारतीय यू२ शाखा युरोपीय शाखांपासून सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी वेगळी झालेली आहे. या निरीक्षणाला पुढे एक अनपेक्षित पुरावा मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी येथे उत्खनन झाले, तेथील साठाहून अधिक अस्थिनमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला, आणि २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार सिंधू संस्कृतीतील या स्त्रीची मातृरेषा यू२बी२ ही होती. ही शाखा आजही दक्षिण आशियात जिवंत आहे. साठांतून एकच नमुना हाती लागावा, यावरून उष्ण व दमट हवेत जुना डीएनए किती दुर्मीळ असतो याची कल्पना येते. कोकणातील पावसाळा आणि आम्लधर्मी माती यांत तर हाडेच फार काळ टिकत नाहीत. म्हणून या भागातील स्त्रियांच्या इतिहासासाठी जिवंत माणसांच्या रक्तावरच मुख्यतः विसंबावे लागते.

या नियमाला कोकणाच्या उत्तर टोकाला एक मोलाचा अपवाद आहे. डहाणूच्या उत्तरेस, आज गुजरातच्या हद्दीत असलेल्या संजाण बंदरात इराणमधून आलेले पारशी प्रथम स्थिरावले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेथील जुन्या दोखम्याच्या, म्हणजे पारशांच्या मृतदेह ठेवण्याच्या जागेच्या, उत्खननात मिळालेल्या २१ व्यक्तींच्या अस्थींतील तंतुकणिकांचा अभ्यास ज्ञानेश्वर चौबे व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात ४८ टक्के मातृरेषा दक्षिण आशियाई निघाल्या. येणाऱ्यांत पुरुष अधिक असावेत आणि वसाहतीच्या आरंभीच्या काळात स्थानिक स्त्रिया त्यांच्या घरांत आल्या असाव्यात, असे अनुमान अभ्यासकांनी त्यावरून काढले. पुढे ज्या समाजाने बाहेरच्या विवाहसंबंधांना कटाक्षाने दार बंद केले, त्याच्या पायाशीच कोकण-गुजरातच्या सीमेवरील या अनामिक स्त्रिया उभ्या आहेत.

समुद्रमार्गे आलेल्या समाजांपैकी मातृवंशाचा प्रश्न सर्वांत खोलवर ज्याच्या वाट्याला आला तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी. अलिबागजवळच्या नवगाव येथे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरण्यात आले, आणि वाचलेल्या जोडप्यांपासून समाज वाढला, अशी त्यांची पूर्वापार कथा आहे. ते मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गावांवरून पडली. इंग्रजी अमलात ते मुंबईला, ठाण्याला आणि पनवेलला पसरले. मुंबईत सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधले आणि भिवंडीपासून खाडीपलीकडे असलेल्या ठाण्यात १८७९ मध्ये सिनेगॉग उभे राहिले. या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळला जात असे. काळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी यहुदी नसलेल्या स्थानिक स्त्रियांशी संबंध केले त्यांची संतती, अशी समजूत होती आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे.

यहुदी धर्मशास्त्रात अपत्याचा धर्म आईवरून ठरतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते, कारण इस्रायल राज्याच्या स्थापनेनंतर तेथे स्थलांतर केलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना याच नियमाने मोठा मनस्ताप झाला. १९६२ साली मुख्य राबी (धर्मगुरू) यित्झाक निसीम यांच्या आदेशाने असे ठरले की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या आईचा, आजीचा आणि त्याहून मागचा वंश तपासावा. जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांनी तीव्र आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने हा समाज सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचा असल्याचे घोषित केल्यावर राबींना आदेशाची शब्दयोजना बदलावी लागली. कोकणातून निघालेल्या कष्टकरी माणसांना आपल्या खापरपणजीचा दाखला आणा असे सांगणे हे अन्यायाचेच होते. असा दाखला जगातील कोणत्याही समाजाला देता येणार नाही.

जनुकीय अभ्यास पुढे झाले ते या वादाचा निवाडा करण्यासाठी नव्हे, तरी त्यांचे निष्कर्ष त्या संदर्भात वाचले जाणे अपरिहार्य होते. २००२ साली मार्क थॉमस व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या यहुदी समाजांच्या मातृरेषा तपासल्या तेव्हा बेने इस्राएलांपैकी सुमारे ४१ टक्के व्यक्तींत एकच मातृरेषा आढळली. २००८ मध्ये डोरॉन बेहार व सहकाऱ्यांनी चौदा यहुदी समाजांतील १,१४२ नमुन्यांचा अधिक सूक्ष्म अभ्यास करून दाखवले की भारतातील यहुद्यांत स्थानिक स्त्रियांच्या रेषा मिसळलेल्या आहेत आणि थोड्याच मूळमातांपासून समाज वाढल्याची खूणही स्पष्ट आहे. लहानशा गटापासून समाज वाढला की त्या गटातील एखाद्याच स्त्रीची रेषा पुढे शेकडो कुटुंबांत पसरते. या घटनेला संस्थापक-परिणाम म्हणतात. २०१६ मध्ये येडाएल वाल्डमन व सहकाऱ्यांनी केंद्रकातील डीएनए तपासून निष्कर्ष काढला की बेने इस्राएल समाजात मध्यपूर्वेतील यहुद्यांचा आणि भारतीयांचा असे दोन्ही अंश भरीव आहेत, ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजार वर्षांत झाली, आणि तीत यहुदी अंश अधिककरून पुरुषांकडून तर भारतीय अंश अधिककरून स्त्रियांकडून आला.

या निष्कर्षांचा अर्थ जपून लावला पाहिजे. नवगावच्या कथेतील यहुदी पूर्वज खरे होते, याला त्यांतून भक्कम आधार मिळतो. भारतातील शेजाऱ्यांत न आढळणारे यहुदी नाते बेने इस्राएलांत निश्चित आहे. कथेतील सात स्त्रिया मात्र सर्वस्वी समुद्रातून आलेल्या नसाव्यात, निदान ज्या एका स्त्रीची रेषा आज समाजाच्या दोनपंचमांश भागात आहे ती कोकणच्या भूमीतली असावी, असे म्हणावे लागते. ज्या मिश्रणाचा डाग फक्त काळ्या इस्राएलांवर लावला गेला, ते मिश्रण बहुधा संपूर्ण समाजाच्या घडणीतच होते. त्या स्त्रियांनी शब्बाथ पाळला, मुलांच्या सुंता करवल्या, मलिद्याचे ताट मांडले आणि घरात मराठी आणली. यहुदी धर्मात प्रवेश केलेली स्त्री शास्त्रानुसार यहुदीच असते आणि तिची मुलेही, त्यामुळे तंतुकणिकांच्या पुराव्याने कोणाचे यहुदीपण उणे होत नाही. आईचा धर्म आणि आईचे रेणू या दोन वेगळ्या बाबी आहेत.

भिवंडीच्या कोकणी मुसलमानांचा इतिहासही याच चौकटीत समजून घेता येतो. दहाव्या शतकाच्या आरंभी कोकणात आलेल्या अल्-मसूदी या अरब प्रवाशाने सैमूर, म्हणजे आजचे चौल, येथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे नोंदवले असून त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेल्यांबरोबर ‘बयासिरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदभूमीतच जन्मलेल्या लोकांचाही समावेश केला आहे. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतील व्यापाऱ्याला वारा फिरेपर्यंत बंदरात राहणे भागच होते, आणि त्या काळात कल्याण, ठाणे, सोपारा, चौल येथे कुटुंबे उभी राहिली. भारतातील सहा मुसलमान समाजांच्या एका अभ्यासात २०१० मध्ये असे आढळले की त्यांचा मुख्य आनुवंशिक वारसा जवळच्या बिगरमुसलमान शेजाऱ्यांशी जुळतो आणि अरबस्तान, पश्चिम आशिया व आफ्रिका यांचा अंश अल्प प्रमाणात आहे. भातशेतीत आणि खाडीत आगरी-कोळ्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, कोकणी मराठी बोलणाऱ्या या समाजाच्या आज्या-पणज्या याच मातीतल्या असल्या तर त्यात नवल नाही.

१८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांची गोष्ट वेगळी आहे. ते हातमाग घेऊन कुटुंबासह आले, पुढे यंत्रमागावर त्यांनी भिवंडीची ओळख घडवली, आणि त्यांच्या स्त्रियांनी गंगेच्या खोऱ्यातील मातृरेषा या खाडीपट्ट्यात आणल्या. परंतु गंगेच्या खोऱ्यातही एम हाच प्रमुख महागट असल्याने मागावर बसलेला मोमीन आणि त्याच्या पलीकडच्या शेतातला कुणबी यांच्या मातृरेषा हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शाखेपाशी मिळाव्यात, हे सहज शक्य आहे.

एखाद्या गावात मातृरेषांची जी विविधता दिसते तिच्यामागे विवाहाची रीत असते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे महाराष्ट्रात मुलगी सासरी जाते आणि सोयरीक बहुधा आसपासच्या गावांतून जमते. याचा परिणाम असा की पुरुष पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहतात आणि स्त्रिया मात्र गावोगाव जातात, म्हणून बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचे प्रकार एका गावात थोडे असतात, तर तंतुकणिकांचे प्रकार पुष्कळ असतात. सोयरीक जातीच्या चौकटीत होत आली असली तरी जातीची बंधने घट्ट होण्यापूर्वी या देशात सरमिसळ मोठ्या प्रमाणावर झाली. तिचा काळ प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला आहे.

एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाला १,०२४ पूर्वज मोजता येतात आणि मातृरेषा त्यांतील फक्त एका स्त्रीची असते. म्हणून मातृरेषेवरून कोणी मूळचा आणि कोणी परका असा निवाडा देणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. स्त्रियांचे समूह कोणत्या वाटेने गेले आणि कोणाच्या घरात सामावले, एवढेच ती रेषा सांगते, आणि जिथे दुसरे कोणतेच साधन नाही तिथे हे सांगणेही फार मोलाचे आहे.

असे अभ्यास करताना नमुना देणाऱ्याला त्याच्या आईचे आणि आजीचे जन्मगाव विचारले जाते, आणि बहुतेकांना आजीच्या पलीकडे उत्तर देता येत नाही. भिवंडी परिसरातील ज्या कुटुंबांनी वंशावळी जपल्या आहेत त्यांनी त्यांत घरात आलेल्या प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव जाणत्या वृद्धांकडून विचारून आताच नोंदवून ठेवावे.